शेरॉन टेटचं चरित्र कुठून सुरू करावं?

सांगलीतल्या एका मुलीनं विचारलं आहे: ‘बाई, रंगभूमी दिनाला आमचा ग्रुप एक तासाचं अभिवाचन करणार आहे. विषय आहे हॉलिवूडची नटी शेरॉन टेट. ग्रुपमधल्या सगळ्यांचं म्हणणं, सुरुवात तिच्या खुनाच्या रात्रीपासून करायची, नाहीतर पाचव्या मिनिटाला लोक मोबाईल काढतील. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. चरित्र लिहिणारा माणूस कुठून सुरुवात करतो?’

तुला जे पटत नाही, ते बरोबर आहे. का ते सांगते. जरा सविस्तर सांगते, कारण याच चुकीपासून मी हे काम शिकले.

मी वाईची. तर्कतीर्थांच्या विश्वकोशामुळे आमच्या गावात ‘नोंद’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चरित्रनोंदी लिहिण्यात माझी तीसेक वर्षं गेली. अगदी सुरुवातीला एका नाट्यस्मरणिकेसाठी मी एका जुन्या रंगकर्मी बाईंवर दोन पानं लिहिली होती. त्यांचा शेवट घरातच, माणसाच्या हातून झाला होता. माझं पहिलंच वाक्य त्या शेवटाचं होतं. स्मरणिका निघाली आणि पंधरा दिवसांनी त्यांची धाकटी बहीण मिरजेहून एसटीनं माझ्या दारात आली. कापडी पिशवीत नाटकांची हँडबिलं होती, घडीवर फाटलेली. रागावली नाही. एकेक हँडबिल माझ्यापुढे उलगडत गेली आणि म्हणाली, ‘हे तुम्ही कुठंच लिहिलं नाही हो. ताईनं अठरा वर्षं काम केलं.’ मी मोजून पाहिलं. दोन पानांत अठरा वर्षांना चार ओळी होत्या आणि एका संध्याकाळीला दीड पान.

तेव्हापासून अशा माणसावर लिहायला बसले की मी आधी ओळी मोजते. शेरॉन जगली साडेसव्वीस वर्षं. तिच्यावर जे काही छापलं गेलं, त्यातलं बहुतेक एका रात्रीबद्दल आहे.

हे दूरच्या अमेरिकेतलंच आहे असं समजू नकोस. पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड तुझ्या आजीला विचार, तिला आठवेल. १९७६-७७चे ते दिवस, संध्याकाळी सातनंतर ओस पडणारे रस्ते. पण त्यातले ‘अभ्यंकर’ कोण, हे विचारलंस तर बहुतेक जण गप्प होतील. ते काशीनाथशास्त्री अभ्यंकर, संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित. त्यांचा व्याकरणकोश जगभरचे अभ्यासक आजही उघडतात. वडील वासुदेवशास्त्र्यांनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं. याच घराण्यातले भास्करशास्त्री अभ्यंकर एकोणिसाव्या शतकात आपल्या साताऱ्यात राहून व्याकरण शिकवत, आणि त्यांच्या हाताखालून कितीतरी शास्त्री तयार झाले. एवढी मोठी परंपरा, आणि लोकांच्या तोंडी उरलं ते एका खटल्याचं जोडनाव. खून करणाऱ्यांची नावं मात्र अनेकांना पाठ आहेत.

शेरॉनच्या बाबतीत तर त्या गुन्ह्याला ओळखलंच जातं मारेकऱ्याच्या नावानं.

आता तिचं आयुष्य पाहू. २४ जानेवारी १९४३ला टेक्सासमधल्या डॅलस शहरात जन्म. वडील पॉल टेट अमेरिकी लष्करात, गुप्तवार्ता विभागातले अधिकारी. आई डोरिस. शेरॉन सहा महिन्यांची असताना डॅलसच्या बाळांच्या एका स्पर्धेत तिला किताब मिळाला होता. पण माझ्या मते हिच्या चरित्राचं दार सौंदर्यस्पर्धेत सापडत नाही, वडिलांच्या बदल्यांत सापडतं. टेक्सासमधली दोन-तीन गावं, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन राज्यातलं रिचलंड आणि मग थेट इटली. सातारा जिल्ह्यात हे समजावून सांगायला नको. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात कुठल्याही फौजीच्या मुलीला विचार, शाळेचे दाखले किती वेळा काढले. मैत्रीण जुळते न जुळते तोवर सामान बांधायचं. नव्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं आणि आधी सगळ्यांचे चेहरे वाचायचे. शेरॉनला ओळखणारे तिच्याबद्दल दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात: स्वभावानं लाजरी आणि वागायला अतिशय सौम्य. इतकी देखणी मुलगी लाजरी कशी, याचं कोडं लोकांना पडतं. मला ते बदल्यांच्या यादीत सुटलेलं दिसतं.

१९५९मध्ये, सोळाव्या वर्षी ती ‘मिस रिचलंड’ झाली. पुढची राज्यपातळीची स्पर्धा डोळ्यांपुढे असतानाच वडिलांची बदली इटलीला झाली. व्हिचेन्झा इथल्या अमेरिकी शाळेतून ती १९६१ला शिकून बाहेर पडली. लष्कराच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आल्यामुळे तळावर ती सगळ्यांना ठाऊक होती. त्या काळात हॉलिवूडचे चित्रपट इटलीत येऊन चित्रित होत, आणि गर्दीत उभं राहायला माणसं लागत. शेरॉन अशीच गर्दीत उभी राहिली. तिथे आलेल्या नटांनी सांगितलं, तू हे काम मनावर घे.

कुटुंब १९६२मध्ये अमेरिकेत परतलं आणि ती लॉस एंजेलिसला गेली. जाहिराती मिळाल्या. १९६३मध्ये मार्टिन रॅन्सोहॉफ या निर्मात्यानं तिच्याशी सात वर्षांचा करार केला. अभिवाचनात इथे थांब, घाई करू नकोस. करार म्हणजे पगार बांधलेला, पण काम काय करायचं ते मालक ठरवणार. जुन्या प्रभात किंवा कोल्हापूरच्या स्टुडिओंत नट-नट्या महिन्याच्या पगारावर असत, साधारण त्याच जातीची व्यवस्था. रॅन्सोहॉफनं ठरवलं की ही मुलगी पूर्ण तयार होईपर्यंत लोकांना दिसताच कामा नये. दोन-अडीच वर्षं अभिनय, गाणं, नाच, उच्चार यांच्या शिकवण्या. मध्ये ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या लोकप्रिय मालिकेत बँकेतल्या सेक्रेटरीचं काम दिलं, तेही डोक्यावर काळा विग घालून, म्हणजे पुढे ‘नवा चेहरा’ म्हणून आणता येईल. वीस-बावीस वर्षांची मुलगी पडद्यावर आहे आणि ती ओळखू येऊ नये याची व्यवस्था केलेली आहे. नाटकवाल्या माणसाला यात केवढं नाट्य दिसायला हवं!

पहिलं मोठं काम ‘आय ऑफ द डेव्हिल’. डेव्हिड निव्हन आणि डेबोरा कर या मुरलेल्या नटांसमोर तिनं ओडील नावाची चेटकीण केली. मग ‘द फिअरलेस व्हँपायर किलर्स’, दिग्दर्शक रोमन पोलान्स्की, सराईवाल्याची मुलगी सारा. त्याच वर्षी, १९६७मध्ये, ‘डोन्ट मेक वेव्ह्ज’ आणि ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’. या शेवटच्या चित्रपटातली जेनिफर नॉर्थ म्हणजे जिच्या शरीरापलीकडे कुणाला काही दिसत नाही अशी नटी. समीक्षकांनी चित्रपट झोडपला, पण शेरॉनला उदयोन्मुख अभिनेत्री म्हणून गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. तो चित्रपट मी तीनदा पाहिला आहे. संहिता भडक आहे, आजूबाजूचे सगळे चढ्या आवाजात बोलतात, आणि ही मुलगी आवाज खाली ठेवून बोलते. फोनवर आईशी बोलण्याचा तिचा प्रसंग बघ. तिथे मला ती खरीखुरी नटी वाटली.

तिची आवड मात्र विनोदाकडे होती. ‘द रेकिंग क्रू’मध्ये डीन मार्टिनबरोबर ती धडपडी, वेंधळी गुप्तहेर झाली. त्यातल्या मारामाऱ्या तिला शिकवल्या ब्रूस लीनं. होय, तोच, अजून जगाला माहीत व्हायचा होता. तिचा शेवटचा चित्रपट ‘ट्वेल्व्ह प्लस वन’ हादेखील विनोदीच. खुर्चीत लपवलेल्या खजिन्यामागे धावणाऱ्यांची गोष्ट, इल्फ आणि पेत्रोव्ह यांच्या रशियन कादंबरीवरून घेतलेली. १९६९च्या पूर्वार्धात त्याचं चित्रीकरण झालं. तेव्हा ती गरोदर होती. चित्रपट तिच्या मृत्यूनंतर पडद्यावर आला.

पोलान्स्कीशी लग्न २० जानेवारी १९६८ला, लंडनच्या चेल्सी भागात. वर्षभरानं, फेब्रुवारी १९६९मध्ये, लॉस एंजेलिसच्या डोंगरातल्या सिएलो ड्राइव्ह या रस्त्यावरचं १००५० क्रमांकाचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं. चित्रीकरणानंतर ती लंडनला नवऱ्याकडे गेली. दिवस भरत आल्यामुळे विमानानं परतणं शक्य नव्हतं, म्हणून जुलैत ‘क्वीन एलिझाबेथ २’ या जहाजानं एकटी निघाली. निघताना तिनं नवऱ्यासाठी टॉमस हार्डीची ‘टेस’ ही कादंबरी मागे ठेवली, यावर चांगला चित्रपट होईल म्हणून. पोलान्स्कीनं तो १९७९मध्ये केला आणि सुरुवातीला दोन शब्दांची अर्पणपत्रिका दिली: शेरॉनला.

इथे तुझ्या प्रश्नाचा गाभा येतो.

तुझा ग्रुप म्हणतो तसं खुनापासून सुरू केलंस, की पुढचं सगळं आयुष्य त्या रात्रीकडे जाणारा रस्ता होऊन बसतं. चेटकिणीची भूमिका केली, म्हणजे ‘चाहूल’. रक्तपिपासूंच्या चित्रपटात काम केलं, म्हणजे ‘संकेत’. तिला आधी स्वप्न पडलं होतं वगैरे कथा तुला इंटरनेटवर ढिगानं मिळतील. त्यातली एकही घेऊ नकोस. कारण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तिच्या मरणाचं कारण तिच्या आयुष्यात कुठेही नाही. मारायला आलेल्यांपैकी कुणाचाही तिच्याशी संबंध नव्हता. त्या घरात तिच्याआधी टेरी मेल्चर नावाचा संगीत-निर्माता राहत असे. या खुनांचा सूत्रधार चार्ल्स मॅन्सन. त्याला गायक व्हायचं होतं, मेल्चरकडून रेकॉर्ड निघेल अशी आशा होती, ती फळली नाही. घर त्याच्या माहितीचं होतं. त्याच्या डोक्यात काळ्या-गोऱ्यांच्या युद्धाचं एक विकृत भाकित होतं आणि सांगेल ते करणारी पोरं हाताशी होती. त्यानं त्यांना त्या घरावर पाठवलं, स्वतः गेला नाही. पत्ता जुना, माणसं नवी. यापलीकडे दुवा नाही.

चरित्रकाराला हे पचायला जड जातं. आपल्याला कार्यकारण जोडायची सवय असते आणि ऐकणाऱ्यालाही तेच हवं असतं. ऑगस्ट १९६९मधल्या अमेरिकी वर्तमानपत्रांनी तेच केलं. मारेकरी सापडायला काही महिने गेले. त्या मोकळ्या वेळात मादक पदार्थ, जादूटोणा, विकृत मेजवान्या असं वाटेल ते छापून आलं. तिच्या भूमिका पुराव्यासारख्या मांडल्या गेल्या. म्हणजे साडेआठ महिन्यांच्या गरोदर बाईचा खून झाला आणि जाब तिलाच विचारला गेला. पोलान्स्कीला पत्रकार परिषद घेऊन बायकोच्या बाजूनं बोलावं लागलं. पुढे डिसेंबरात आरोपी कोण ते कळलं, तेव्हा त्या अफवांतली एकही टिकली नाही, पण एकदा छापलेलं पुसलं जात नाही. म्हणून त्या ऑगस्टमधलं कात्रण वापरायचं असेल तर लोकांनी तिच्याबद्दल काय काय म्हटलं, याचा पुरावा म्हणून वापर. काय घडलं ते समजायला न्यायालयातल्या साक्षी वाच.

आपल्याकडेही हे सुरूच असतं. बाई मेली की पहिला प्रश्न, ‘एवढ्या रात्री ती तिथं काय करत होती?’ शेरॉन स्वतःच्या घरात होती. पण तिलाही तो प्रश्न चुकला नाहीच.

त्या रात्रीबद्दल किती सांगायचं? शुक्रवार, ८ ऑगस्ट १९६९. मित्रांबरोबर बाहेर जेवून ती घरी आली. मध्यरात्रीनंतर चौघं जण आले. त्यातली एक बाहेर पहाऱ्याला थांबली, आणि तीच पुढे सरकारपक्षाची मुख्य साक्षीदार झाली. शेरॉनबरोबर चौघे मारले गेले: तिचा जुना मित्र, केशरचनाकार जे सेब्रिंग, ॲबिगेल फोल्जर, वोयचेख फ्रायकोव्स्की, आणि स्टीव्हन पेरेंट, अठरा वर्षांचा मुलगा, मागच्या घरात राहणाऱ्या राखणदाराला एक घड्याळ-रेडिओ विकायला आला होता. दुसऱ्या रात्री शहराच्या दुसऱ्या भागात लेनो आणि रोझमेरी लाबियांका हे दांपत्य. ही सातही नावं वाच, प्रत्येकाला एक वाक्य दे. जखमांची संख्या, भिंतीवरचं लिखाण, कुणी काय विनवलं, यातलं काहीही वाचायचं नाही. मी कच खाऊन हे सांगत नाही. ते तपशील मारेकऱ्यांच्या चरित्रातले आहेत. मॅन्सनचं नाव एकदा घे, कारण त्याशिवाय खटला सांगता येणार नाही. दुसऱ्यांदा घेऊ नकोस.

१३ ऑगस्टला तिला कल्व्हर सिटीच्या होली क्रॉस दफनभूमीत पुरलं. जन्म न झालेला मुलगा तिच्याजवळच आहे. त्याचं नाव पॉल रिचर्ड, दोन्ही आजोबांची नावं जोडून ठेवलेलं.

पुष्कळ लोक इथे पडदा पाडतात. मी पाडणार नाही, कारण यानंतरचं तिच्या आईचं काम तिच्या चरित्रातलंच आहे. आरोपींना दोषी ठरवलं २५ जानेवारी १९७१ला. आदल्या दिवशी शेरॉन अठ्ठावीस वर्षांची झाली असती. मार्चमध्ये मृत्युदंड सुनावला गेला. पण १९७२मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्यातली मृत्युदंडाची शिक्षाच रद्द ठरवली आणि सगळ्यांच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. तेव्हा तिथल्या कायद्यात ‘मरेपर्यंत सुटका नाही’ अशी जन्मठेप नव्हती. त्यामुळे यांनाही ठरावीक वर्षांनी पॅरोल मागण्याचा हक्क आला.

हा शब्द आपल्या प्रेक्षकांना नीट समजावून सांग. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा: कैदी घरच्या अडचणीसाठी काही दिवस बाहेर येतो आणि परत जातो. तिथला पॅरोल म्हणजे मुदतीआधीची सुटका. त्यासाठी मंडळापुढे सुनावणी होते. एकदा नाकारला की काही वर्षांनी पुन्हा अर्ज. म्हणजे घरच्यांच्या वाट्याला दर काही वर्षांनी तोच खून पुन्हा.

डोरिस टेट दहाएक वर्षं जवळजवळ गप्प होत्या. १९८२मध्ये त्यांना कळलं की दुसऱ्या रात्रीच्या खुनातल्या एका बाईच्या सुटकेसाठी नऊशे सह्या जमल्या आहेत. डोरिस घराबाहेर पडल्या आणि त्यांनी विरोधात साडेतीन लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बळींच्या हक्कांचा कायदा मतदारांनी मंजूर केला. त्यामुळे मृताच्या नातेवाइकांना सुनावणीत बोलण्याचा अधिकार मिळाला. १९८४मध्ये मारेकऱ्यांपैकी एकाच्या पॅरोल सुनावणीत डोरिस त्याच्या समोर बसून बोलल्या. नव्या कायद्यानंतर त्या राज्यात असं बोलणाऱ्या त्या पहिल्या. पुढे त्या इतरांच्या लेकरांसाठीही उभ्या राहिल्या. तुरुंगातल्या कैद्यांमध्ये जाऊनही काम केलं. हे मला विशेष वाटतं; सूडानं पेटलेलं माणूस तिथे जात नाही. १९९२मध्ये त्या गेल्या. मग धाकटी मुलगी पॅटी, ती २०००मध्ये कर्करोगानं गेली. मग मधली डेब्रा. काम एकीच्या हातून दुसरीच्या हाती गेलं.

आपल्याकडे मृताच्या वारसांना ‘बळी’ म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेत व्याख्येनं जागा मिळाली २००९च्या दुरुस्तीनं, आणि आरोपी सुटला तर स्वतः अपील करण्याचा हक्कही तेव्हाच. माझ्याकडे आलेल्या त्या बहिणीच्या वेळी तो नव्हता. तिच्याकडे फक्त हँडबिलं होती.

आता तुझ्या साठ मिनिटांचा हिशेब. मी तुझ्या जागी असते तर इटलीपर्यंत बारा मिनिटं, करार आणि काळा विग यांना दहा, चित्रपटांना वीस. घर, जहाज आणि हार्डीची कादंबरी याला पाच. ती रात्र तीन मिनिटं, सात नावांसकट. उरलेली दहा डोरिसना. सुरुवात सामान बांधण्यापासून कर: लष्करी तळावरचं घर, वडिलांच्या बदलीचा कागद आलेला, आणि नुकतीच किताब जिंकलेली मुलगी पेटी भरते आहे. सांगलीच्या प्रेक्षकांची फार काळजी करू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ला ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा पुढची गोष्ट सगळ्या सभागृहाला ठाऊक होती, तरी लोक बसले होते.

मागच्या पडद्यावर त्या घराचा फोटो लावणार असाल तर लावू नका. ते घर १९९४मध्ये पाडलं, नव्या घराला क्रमांकही नवा दिला. त्याऐवजी ‘रेकिंग क्रू’मधला तिचा धडपडण्याचा एखादा तुकडा दाखवा, आणि तो त्या तीन मिनिटांच्या पुष्कळ आधी येऊ दे. लोक हसले तर वाचणाऱ्यानं थांबायचं, हसू पूर्ण होऊ द्यायचं.

मसुदा झाला की वाईला ये. दुपारी मी घरीच असते. ओळी बरोबर बसून मोजू.